विमानतळ चालवणाऱ्यांना आणि शहरांची वाहतूक आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय विमानतळ चालवणाऱ्या संस्थांचे प्रमुख,
आणि त्या त्या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचे जबाबदार अधिकारी

स.न.वि.वि.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे 'इकाओ'च्या, नवव्या परिशिष्टात एक शिफारस आहे. ज्या प्रवाशाची नेहमीपेक्षा जास्त तपासणी करायची नाही, तो विमानातून उतरल्यापासून ४५ मिनिटांत सगळे सोपस्कार उरकून मोकळा व्हावा, असं उद्दिष्ट सदस्य देशांनी ठेवावं. चांगली शिफारस आहे. तिच्यामुळे पासपोर्टच्या रांगांची वेळ मोजली जाते, खिडक्या वाढवल्या जातात, आपोआप उघडणारी फाटकं बसवली जातात. पण प्रवासी कस्टम्स ओलांडून बाहेर आला की हे घड्याळ थांबतं. तिथून शहरात पोहोचायला त्याला एक तास लागला की चार, की तो पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिला, याची नोंद कुणाच्याच दप्तरी होत नाही. विमानतळाला विचारलं तर तो शहराकडे बोट दाखवतो, शहराला विचारलं तर ते विमानतळाकडे. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांना एकत्र लिहिते आहे.

लिहायला भाग पाडणारं कारण असं. एका मोठ्या विमानतळावर मध्यरात्रीनंतर उतरणारी विमानं वाढवली गेली आणि त्याच हंगामात शहराच्या परिवहन संस्थेने तिथली रात्रीची बस पुरेसे प्रवासी नाहीत म्हणून बंद केली. दोन वेगळ्या कार्यालयांतले दोन वेगळे निर्णय, आणि माझ्या आईच्या वाट्याला दोन्ही एकाच रात्री आले.

आई पंचाहत्तरीच्या पुढची आहे. गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे विमानतळावर चाकाची खुर्ची सांगावी लागते. माझ्याकडे येताना तिचं पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि पुढचं हुकलं. विमान कंपनीने हातात हॉटेलचं कुपन दिलं. हॉटेल शहरात, विमानतळ शहराबाहेर. त्या देशाचा व्हिसा तिच्याकडे होता, त्यामुळे बाहेर पडण्यात अडचण नव्हती. हॉटेलपर्यंत जायचं कसं, ते मात्र कुपनावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने तिला आगमन कक्षातल्या एका बाकावर बसवलं आणि खुर्ची घेऊन तो परत गेला. त्याची हद्द तिथपर्यंतच होती, त्याला मी दोष देत नाही. माहिती कक्ष बंद. तिकिटाच्या यंत्रावर चिकटपट्टीने लावलेला एक कागद, तोही फक्त स्थानिक भाषेत. बस बंद झाल्याचं त्या कागदावर लिहिलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. फोन लावायचा तर वायफाय हवं, आणि वायफाय सुरू करायला ओटीपी येणार तो स्थानिक मोबाइल नंबरवर. अर्ध्या तासापूर्वी त्या देशात उतरलेल्या बाईकडे स्थानिक नंबर कुठून असणार? बॅगेचा पट्टा पायात अडकवून ती पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत तशीच बसून राहिली. फरशी पुसणाऱ्या एका बाईंनी स्वतःचा फोन पुढे केला, तेव्हा कुठे तिचा आवाज माझ्या कानावर पडला.

ही एकट्या माझ्या आईची हकिगत असती तर मी त्या विमानतळाला खाजगीत पत्र लिहून मोकळी झाले असते. कामानिमित्त मी पुष्कळ फिरते आणि हेच वेगवेगळ्या रूपांत जगभर पाहते. लहान मूल खांद्यावर झोपलेले आईबाप, पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेला विद्यार्थी, मजुरीसाठी आलेला माणूस, सगळे त्याच काचेच्या दारातून बाहेर येतात आणि तिथेच थबकतात. मागे अब्जावधी खर्चून उभारलेली इमारत आणि पुढे काय, ते सांगणारं कुणी नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी रात्रीची.

रात्री प्रवासी कमी असतात, गाडी परवडत नाही, असं उत्तर मला मिळतं. पण रात्री दोनला विमान उतरवायची परवानगी प्रवासी देत नाही, तुम्ही देता. त्या उतरण्याचं शुल्क तुम्ही घेता. मग त्या विमानातून आलेल्या माणसांना शहरात नेण्याचा खर्च त्याच हिशेबात का धरला जात नाही? शिवाय रात्री विमानतळावर प्रवासी एकटे नसतात. सामान चढवणारे, स्वयंपाकघरातले, सुरक्षेचे, सफाईचे असे हजारो लोक पाळ्या बदलत असतात. रात्रीची बस बंद केली की सगळ्यात आधी त्यांचे हाल होतात, फक्त ते तक्रारवहीत लिहीत नाहीत. आईला फोन देणाऱ्या त्या बाईही पाळी संपवून पहिल्या गाडीचीच वाट पाहत होत्या.

आणि हे जमत नाही असंही नाही. कोपनहेगनची मेट्रो विमानतळापर्यंत जाते आणि चोवीस तास चालते. शिकागोत ओहेअर विमानतळापासून निघणारी शहर रेल्वेची ब्लू लाइन रात्रभर चालू असते. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाखालच्या स्थानकातून रात्रीही तासाला एक गाडी मिळते. तासाला एक का होईना, ती येणार हे माणसाला ठाऊक असतं. आणि रात्री अनोळखी ठिकाणी उतरलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

दुसरी तक्रार माहितीची, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. इमारतीच्या आत तुम्ही उत्तम फलक लावता. स्किपोलवर १९६७ मध्ये बेन्नो विसिंग या डिझायनरने फलकांची जी पद्धत बसवली, तिच्यात विमानाकडे नेणारी दिशा पिवळ्यावर आणि बाकीच्या सोयी हिरव्यावर होत्या. अमेरिकेच्या परिवहन विभागाने १९७४ पासून ग्राफिक कलावंतांच्या संस्थेकडून चित्रचिन्हं तयार करून घेतली आणि ती कुणालाही फुकट वापरता येतील अशी खुली केली. बॅग, टॅक्सी, बस, शौचालय, सगळं भाषेवाचून कळतं. म्हणजे अनोळखी माणसाला न बोलता वाट दाखवायची विद्या पन्नास वर्षांहून जुनी आहे आणि ती तुमच्याकडे आहे. तरीही बाहेरच्या दारापाशी ती संपते. तिथे गाडीचं चित्र असतं, बाण असतो, आणि बाणाच्या टोकाला पाच वेगवेगळ्या सेवांचे पाच गल्ले. कुठली गाडी शहराच्या मध्यात जाते, कुठली कडेला सोडते, शेवटची किती वाजता, तिकिटाला किती पैसे पडतात, हे एका ठिकाणी शेजारी शेजारी लिहिलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. बहुधा सगळ्यात महागड्या सेवेचा फलक सगळ्यात मोठा असतो. साधी लोकल किंवा मेट्रो त्याच इमारतीतून सुटत असते, पण तिच्यासाठी दोन मजले खाली उतरून कुणाला तरी विचारावं लागतं. लंडनच्या हीथ्रोवरून शहरात जायला भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन आहे, २०२२ पासून एलिझाबेथ लाइन आहे आणि १९९८ पासून थेट पॅडिंग्टन स्थानकाला जाणारी हीथ्रो एक्सप्रेसही आहे. तिघींचे वेग वेगळे, भाडी वेगळी, थांबे वेगळे. रात्रभराचं जागरण करून उतरलेल्या माणसाला त्यांतली आपली कोणती हे ठरवायला एक साधा तक्ता पुरेल. असा तक्ता जगातल्या प्रत्येक आगमन कक्षात हवा, आणि तो विमानतळाने लावायला हवा. गाड्यांची तिकिटं विकणाऱ्यांवर ते काम सोपवलं की प्रत्येक जण आपलीच गाडी पुढे करतो.

वायफायच्या ओटीपीबद्दल वर लिहिलंच आहे. पासपोर्ट यंत्रावर ठेवला की जोडणी देणारी सोय काही विमानतळांनी केली आहे. बाकीच्यांनी का केलेली नाही, याचं उत्तर मला सापडत नाही. तिकीट यंत्रांचंही तेच. परदेशी कार्ड नाकारणारं यंत्र आंतरराष्ट्रीय विमानतळावर बसवणं म्हणजे ते कुणासाठी आहे याचा विचारच न करणं. लंडनच्या भुयारी रेल्वेत २०१४ पासून बँकेचं साधं कार्ड फाटकावर टेकवून आत जाता येतं. तिकीट कोणतं घ्यायचं हा प्रश्नच प्रवाशासमोर उरत नाही.

तिसरी तक्रार, मदत मध्येच सोडून देण्याची. युरोपीय संघाच्या २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमाने अपंग आणि चालायला त्रास असलेल्या प्रवाशांना मदत करायची जबाबदारी विमानतळावर टाकली, आणि तीही प्रवाशाकडून वेगळे पैसे न घेता. त्याच नियमाने विमानतळाच्या हद्दीत, इमारतीच्या आत आणि बाहेरही, अशी ठरावीक ठिकाणं नेमायला सांगितली, जिथे प्रवासी मदत मागू शकेल. बाहेरही, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मदत विमानतळाच्या स्थानकापर्यंत, बसथांब्यापर्यंत, टॅक्सीच्या रांगेपर्यंत पोहोचली तरच ती मदत. आगमन कक्षाच्या बाकावर माणसाला बसवून खुर्ची परत नेली, तर तुम्ही त्याचा अर्धाच प्रवास केलात आणि अवघड अर्धा त्याच्यावर सोडलात. फलाटावर जाणारं उद्वाहन बंद असेल तर तीही तुमचीच बाब आहे, मग फलाट कुणाच्याही मालकीचा असो.

चौथी, रेल्वे येते पण विमानतळापर्यंत येत नाही. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण विमानतळाच्या इमारतीतून थेट रेल्वे स्थानकात जायची कल्पना १९३६ ची आहे. त्या वर्षी लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची गोल इमारत उघडली तेव्हा तिथून रेल्वे स्थानकापर्यंत भुयारी वाट होती. टोकियोने हानेदा विमानतळाची मोनोरेल १९६४ मध्ये, ऑलिंपिकच्या आधी, सुरू केली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये १९६८ पासून शहरातली रेल्वे विमानतळापर्यंत जाते, हीथ्रोवर १९७७ पासून. आणि लॉस एंजेलिसमध्ये १९९५ साली मेट्रोची ग्रीन लाइन सुरू झाली ती विमानतळाच्या अलीकडून वळून गेली. पुढे प्रवाशांनी बॅगा घेऊन बस धरायची. विमानतळाला जोडणारं नवं मेट्रो स्थानक उघडायला २०२५ उजाडलं. शांघायची चुंबकीय रेल्वे सुमारे तीस किलोमीटरचं अंतर सात-आठ मिनिटांत कापते, पण ती शहराच्या मध्यात न जाता लाँगयांग रोडला थांबते आणि तिथून सामानासकट पुन्हा मेट्रो पकडावी लागते. वेगाचं मला कौतुक आहे. पण विमानाने आलेल्या माणसाला जास्त वेगापेक्षा कमी बदल हवे असतात, हे नियोजन करणाऱ्यांनी एकदा जड बॅग हातात घेऊन चालून पाहावं.

वाट न आखता विमानतळ बांधला तर काय होतं, हे पाहायला मॉन्ट्रिऑलचा मिराबेल पुरेसा आहे. १९७५ मध्ये थाटात उघडला, शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब. ठरलेली वेगवान रेल्वे झालीच नाही, महामार्गही अर्धवट राहिला. देशांतर्गत विमानं जुन्याच विमानतळावर राहिली, म्हणून विमान बदलायचं तर एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणं आलं. २००४ मध्ये तिथली प्रवासी विमानं बंद झाली आणि २०१४ मध्ये इमारत पाडायला घेतली. धावपट्टी चांगली होती, इमारत चांगली होती. पण लोकांना तिथे जाणं-येणं परवडलं नाही.

याच्या उलट हाँगकाँग. १९९८ मध्ये नवा विमानतळ आणि त्याची रेल्वे बरोबरच सुरू झाली. फलाट आगमन कक्षाच्याच पातळीवर, ट्रॉली फलाटापर्यंत नेता येते, शहराचं स्थानक चोवीस मिनिटांवर. परतताना शहरातल्या स्थानकातच विमानाचं चेक-इन करून सामान देता यावं अशी आखणी. तिथे कुणीतरी पहिल्या दिवसापासून प्रवाशाचं पाऊल न पाऊल मोजलं होतं.

पाचवी तक्रार पैशाची, ती थोडक्यात सांगते. विमानतळ स्थानकावर उतरायचा किंवा चढायचा जादा आकार घेण्याची रीत अनेक शहरांत आहे. सिडनीत २००० साली विमानतळ रेल्वे सुरू झाल्यापासून तो आकार आहे. खाजगी पैशातून स्थानकं बांधली, ती वसुली करायची, हे मला समजतं. पण विमानतळावर रोज कामाला येणाऱ्यावर आणि चौघांच्या कुटुंबावर तो बोजा पडला की ते रस्त्याने जातात, आणि मग तुम्हीच रस्त्यावर गर्दी फार म्हणून आणखी एक मार्गिका मागता. पार्किंग, दुकानांची भाडी, गाड्या भाड्याने देणाऱ्यांचे गाळे हे विमानतळाचं मोठं उत्पन्न आहे. रेल्वेने जाणारा प्रवासी त्यातलं पार्किंगचं उत्पन्न कमी करतो. रेल्वेचा फलक लहान का असतो, याचं एक कारण इथे आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चुकीचं असेल तर जाहीरपणे खोडून काढा, मला आनंदच होईल.

टॅक्सीबद्दल एवढंच. दारातच हात धरणाऱ्या दलालांचा बंदोबस्त पोलीस करतात, पण दोन दिवसांनी ते परत येतात. भाडं ठरवून दिलं की त्यांचं दुकान आपोआप बसतं. पॅरिसने २०१६ मध्ये विमानतळ ते शहर टॅक्सीचं ठरावीक भाडं लागू केलं, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापासून मॅनहॅटनपर्यंतही ठरलेलं भाडं आहे. आकडा आधी माहीत असला की घासाघीस नाही, लांबून फिरवणं नाही.

आणि एक, नावांबद्दल. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून जवळजवळ १२० किलोमीटरवर आहे, पॅरिस-बोवे पॅरिसपासून ८० किलोमीटरहून लांब. तिकीट विकताना शहराचं नाव वापरता, तर त्याच ओळीत अंतरही छापा.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

विमानतळ आणि शहर परिवहन यांनी मिळून एका अधिकाऱ्याला, नावानिशी आणि फोन नंबरनिशी, विमानतळ ते शहर या टप्प्याची जबाबदारी द्यावी. आज ती कुणाचीच नाही, बाकीच्या तक्रारी बहुतांशी त्यातूनच आल्या आहेत.

विमानाचं दार उघडल्यापासून प्रवासी शहराच्या मध्यवर्ती ठिकाणी पोहोचेपर्यंतचा वेळ मोजावा आणि दर महिन्याला जाहीर करावा. रात्रीचा वेगळा.

शेवटचं विमान उतरल्यानंतर किमान एक तरी सार्वजनिक गाडी शहराकडे सुटलीच पाहिजे. विमानाला उशीर झाला तर गाडीने थांबावं. खर्चाचा प्रश्न असेल तर तो रात्री विमान उतरवण्याच्या शुल्कातून भागवावा.

आगमन कक्षात, सामानाच्या पट्ट्यापाशीच, सगळ्या सेवांचा एक तक्ता लावावा: कुठे जाते, किती वेळ लागतो, किती पैसे, शेवटची कधी. सेवा बंद किंवा बदललेली असेल तर ते त्याच तक्त्यावर, चित्रांसह आणि एकाहून जास्त भाषांत. यंत्रावर चिकटवलेला कागद चालणार नाही.

वायफाय स्थानिक नंबराशिवाय मिळावं. तिकीट कोणत्याही देशाच्या कार्डावर निघावं. आणि ज्याच्याकडे कार्डही नाही, फोनही नाही, त्याच्यासाठी विमानं उतरत आहेत तोवर एक माणूस खिडकीत बसलेला असावा. ही शेवटची मागणी जुन्या वळणाची वाटेल, पण ज्यांना ती लागते त्यांना दुसरं काहीही उपयोगी पडत नाही.

चाकाच्या खुर्चीची मदत विमानतळाच्या हद्दीतल्या गाडीच्या दारापर्यंत असावी. ज्याला मध्येच थांबावं लागणार आहे त्याला एकट्याला सोडू नये.

विमान हुकलेल्या प्रवाशाला हॉटेलचं कुपन देणाऱ्या प्रत्येक कंपनीने तिथवर जायची सोयही त्याच कुपनात द्यावी, आणि ती दिल्याशिवाय कुपन देता येणार नाही, अशी अट विमानतळाने आपल्या करारात घालावी.

जगभरातली विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तारखा सगळ्यांना आधीच माहीत असतात. त्यामुळे विमानं वाढली हे आम्हाला उशिरा कळलं, असं कुठल्याही परिवहन संस्थेला म्हणता येणार नाही, आणि बस बंद झाली हे कळलं नाही, असं कुठल्याही विमानतळाला म्हणता येणार नाही. पुढच्या बदलाच्या आधी एकत्र बसा, रात्रीच्या विमानांची यादी आणि रात्रीच्या गाड्यांची यादी शेजारी ठेवा, आणि जिथे विमान आहे पण गाडी नाही तिथे काय करणार ते लेखी जाहीर करा. त्या लेखी उत्तराची मी वाट पाहते आहे.

कळावे,
आपली,
एक प्रवासी, आणि एकटीने प्रवास करणाऱ्या आईची लेक